खाज सुटली तो शुद्ध

राणीसावरगावात त्या उन्हाळ्यात अर्धं गाव खाजवत होतं आणि खाजवता खाजवता खुशीत होतं. ज्याच्या मनगटावर खाजेच्या लाल गांधी उठल्या तो बाही वर सारून बाजारातून फिरायचा. ज्याच्या उठल्या नाहीत तो भर वैशाखात पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, वर गुंड्या लावून. एका घरची सोयरीक म्हणे नवरदेवाच्या बापाला खाज सुटेना म्हणून अडून बसली होती. हे वाढवून सांगितल्यासारखं वाटेल. थोडं वाढवलेलं आहेच; पण मूळ मालच इतका फुगलेला होता की त्यात आणखी हवा भरायला फारशी जागा नव्हती.

हा सगळा प्रताप भुजंग महाराजांचा. आपण गिरनारहून आलो असं ते सांगत. बोलण्याची धाटणी मात्र पूर्णा जंक्शनच्या फलाटावर तयार झालेली वाटायची. गावाबाहेर लिंबाखाली पत्र्याचा मांडव, पुढ्यात पाण्याचा पितळी गडवा, गडव्याशेजारी दवाखान्यातली एक रिकामी काचेची कुपी, आणि महाराजांच्या खांद्यावर भगवं उपरणं.

"या कुपीत काय होतं?" महाराज विचारत.

"उंदीर," मांडव उत्तर देई.

"डॉक्टर लोक तो उंदीर कुठं घालायलेत?"

"अंगात."

"मंग शुद्ध अंग काय करतं?"

"हाकलतं."

"घंटा वाजवून हाकलतं, बाळांनो. शरीर म्हंजे देवघर. देवघरात उंदीर शिरला की घंटा वाजते. तुमी जिला खाज म्हणता तो घंटानाद हाय."

मग रांग लागायची. महाराज कुपीत पाणी घोळत, मनगटावर थेंब टाकत, उपरण्याने पुसत आणि फुंकर घालत. थोड्या वेळाने कुणाच्या हातावर लाल गांधी उठत, कुणाच्या नाही. उठल्या तो शुद्ध. त्याला लगेच तेलातली विभूती चोळायला मिळे आणि आग कमी होई.

मांडवात महाराजांच्या उजव्या हाताला, हार घालून, खुर्चीवर बसवलेले असत बसवंतराव. ते या चमत्काराचं मूळ.

बसवंतरावांचं चौकात किराणा दुकान, मागच्या आवारात सहा-सात गुरं. स्वतः गुरांत राबणारा माणूस. दूध काढणं, गुरं धुणं, नुसतं गड्यावर सोडायचं नाही. लिंगायत घर, अंड्याचं टरफलसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. जन्मभराच्या सुपारीनं त्यांच्या गालात गाठ धरली. नांदेडच्या एका दवाखान्यात कॅन्सर निघाला. किरणांचा शेक सुरू करायचा आणि सोबत सलाईनमधून एक नवं औषध द्यायचं ठरलं. औषध पहिल्यांदाच लावलं, आणि दहा-पंधरा मिनिटांत बसवंतरावांच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडला, डोळे फिरले. धावपळ झाली. बायको गौराबाईनं कनवटीची विभूती काढून कपाळाला लावली. बसवंतरावांनी डोळे उघडले.

तिथल्या कुणा शिकाऊ डॉक्टरानं त्यांच्या पोराला समजावताना सांगितलं होतं, की हे औषध उंदराच्या पेशींत तयार करतात. तेवढं एक वाक्य नांदेडहून निघालं ते गंगाखेडला येईपर्यंत जाडजूड उंदीर झालं. आणि भुजंग महाराज त्या उंदराच्या वासावर गावात आले.

"जन्मभर ज्या देहाला मांसाचा इटाळ न्हाई," ते म्हणाले, "त्या देहानं उंदीर ओळखला."

बसवंतराव परत सलाईन घेणार नाही म्हणाले. शेकालाही गेले नाहीत. महाराजांचा काढा सुरू झाला. आणि इकडे गाल रोज थोडा थोडा फुगत होता.

लिंबाच्या बुंध्याला टेकून हे सगळं पाहत उभे असत सिद्धोधन सर. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून त्यांच्या घरात देव्हारा नाही. सरांनी नोकरीत असताना गावोगाव प्रयोग करून दाखवले होते: जिभेवर कापूर जाळला, नारळातून फुलं काढली, खिळ्यांच्या पाटावर बसले. लोक टाळ्या वाजवत, चहा पाजत, आणि सर एसटीत बसायच्या आत पुन्हा लिंबू कापत. सरांना आता याचा मनस्वी कंटाळा आला होता. माणसानं किती वेळा जिभेवर कापूर ठेवायचा?

हा महाराज एखाद्या दुसऱ्या गावात असता तर ते फिरकलेही नसते. पण खुर्चीवरचा माणूस त्यांचा मित्र होता. तीस वर्षं रोज संध्याकाळी ते बसवंतरावांच्या दुकानातल्या तेलाच्या डब्यावर बसत आले होते. दोघांचं एका मुद्द्यावर कधी जमलं नव्हतं आणि एक संध्याकाळ चुकली नव्हती. आता तो माणूस सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, हार घालून, मरत होता.

सरांचं लक्ष एका गोष्टीवर होतं. महाराजांना घाम फार यायचा. कपाळावरून धारा लागायच्या, दाढीतून टपकायच्या. महाराज तो तळहातानं निपटायचे. खांद्यावर एवढं उपरणं असताना.

शाळेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढं पुरलं. मास्तरच्या खुर्चीवर पोरं काय काय टाकतात, हे त्याला अंगानं ठाऊक असतं.

दुसऱ्या दिवशी रांग भरात असताना सर पुढे गेले. "महाराज, लय गरम व्हायलंय. जरा तोंड पुसा."

"आमाला ऊन बाधत न्हाई."

"तरी पुसा. उपरणं हाय की खांद्यावर. हे टोक न्हाई, ते गाठ मारलेलं."

महाराज हसले. "सर, हे वस्त्र भक्तांसाठी हाय."

"मंग मला लावा. मी कालच बोकडाचं खाल्लंय. माझ्यात घंटा वाजायचं कारण न्हाई."

मांडवात खसखस पिकली. महाराजांनी गडव्यातलं पाणी घेतलं, सरांच्या मनगटावर थेंब टाकला आणि उपरण्याचं साधं टोक पुढं केलं. सरांनी तोवर गाठीचं टोक धरून आपल्याच हातावर कोपरापर्यंत चांगलं घासलं होतं. पाणी नाही, कुपी नाही, मंत्र नाही. लोक मोजायला बसल्यासारखे सरांच्या हाताकडे बघत राहिले. हात लाल झाला, मग टपोऱ्या गांधी उठल्या, आणि सर दात-ओठ खात खाजवू लागले.

"झालो शुद्ध," ते म्हणाले. "लोकहो, ही खाजकुयली. आपल्या बालाघाटाच्या डोंगरात वेलीला शेंगा येतात, त्याच्यावरची लव. शिमग्याला पोरं एकमेकांच्या सदऱ्यात टाकतात ती. उपरण्याचं एक टोक लव लावलेलं, एक साधं. ज्याला शुद्ध करायचं त्याला हे टोक, बाकीच्याला ते. आणि तेल चोळलं की कुणाचीबी आग जरा कमी व्हते, विभूती नसली तरी. आता महाराजांना म्हणा, घाम पुसा."

महाराजांनी घाम पुसला नाही. अनुष्ठानाची वेळ झाली म्हणत ते उठले, आणि दुपारच्या आत मोटारसायकलवरून पोखर्णीकडे गेले. उपरणं तेवढं मांडवात राहिलं. त्याला हात लावायला कुणी तयार होईना.

गावानं टाळ्या वाजवल्या. सर थकून घरी आले, हाताला शेण चोळून बसले. आणि संध्याकाळी दुकानावर गेले तेव्हा बसवंतराव शांतपणे म्हणाले, "सर, एक सांगा. दवाखान्यात उपरणं कुठं होतं?"

सर सुजलेला हात चोळत राहिले.

"माझ्या अंगावर उठल्या त्या गांधी खऱ्या होत्या का न्हाई? माझा श्वास कोंडला तो खरा का न्हाई? महाराज लबाड निघाले, कबूल. पण माझ्या देहानं औषध हाकललं हे तर डॉक्टरच म्हणायलेत. लबाडाच्या तोंडातूनबी खरं निघू शकतं की."

प्रश्न बिनतोड होता. सरांना पहिल्यांदा वाटलं की आपण एक उपरणं जिंकलं आणि माणूस हरलो. "मला ठाऊक न्हाई," ते म्हणाले.

"मंग?"

"मंग काही न्हाई. ठाऊक न्हाई म्हणलो."

बसवंतरावांनी समाधानानं डोळे मिटले. गालाच्या सुजेमुळे त्यांना हसणंही जमत नव्हतं. मागं गौराबाई सुपातले गहू नुसतेच खाली-वर करत उभी होती.

सर निघाले ते मागच्या आवारातून. तिथं आश्रुबा म्हशीच्या कानातल्या गोचिडी काढून डबड्यातल्या रॉकेलमध्ये टाकत होता. आश्रुबा सरांच्याच भावकीतला. बसवंतरावांची गुरं सांभाळून त्याचे केस पांढरे झालेले. सरांचा सुजलेला हात बघून तो म्हणाला, "सर, तुमचं हे दोन दिवसांत जाईल. माझं तर बारा महिने चालू हाय."

"तुला काय झालं?"

"आशाच गांधी. बोकडाचं खाल्लं की. लगेच न्हाई बरं का. जेवून, गप्पा मारून, गाढ झोपल्यावर उठतात. एकदा तर घसाच आवळला. बायको चांगुणा म्हणती, भावजयीनं करणी केली. पोखर्णीला नेऊन उतारा केला, काही फरक न्हाई."

"कोंबडीनं?"

"कोंबडीनं काही व्हत न्हाई. मासळीनं न्हाई. करणी करणारीनं फक्त बोकडच धरलाय. लय हुशार बाई."

सर हसले, आणि मग थांबले. महाराजांनी या आश्रुबाला पहिल्याच दिवशी अशुद्ध ठरवून रांगेतून काढलं होतं. आणि त्याच्या अंगात घंटा तर बसवंतरावांसारखीच वाजत होती.

परभणीत सरांची एक विद्यार्थिनी कॅन्सरची डॉक्टर होती, सुकेशनी. सरांनी तिला फोन लावून सगळं सांगितलं: औषधाचं नाव, गांधी, शुद्धता, बोकड. मग तिनं एक प्रश्न विचारला, जो सरांच्या सगळ्या आयुष्यात कुणी विचारला नव्हता.

"सर, या दोघांना गोचिडी चावतात का?"

"गुरांत राहणाऱ्याला चावणार न्हाई तर काय करणार, बाई?"

"दोघांचं रक्त पाठवा. आजच."

रक्तासाठी बसवंतरावांना तयार करायला खोटं बोलावं लागलं नाही. सर एवढंच म्हणाले, "तुमची शुद्धता तपासायचीय." माणूस आनंदानं हात पुढे करून बसला.

रक्त तपासणीला मुंबईला गेलं. उत्तर आलं तेव्हा सुकेशनी स्वतः गाडी घेऊन आली आणि तेलाच्या डब्यावर बसली. समोर बसवंतराव, दारात गौराबाई, पायरीवर आश्रुबा. सर उभे.

"काका," ती म्हणाली, "तुमचं औषध म्हणजे प्रतिपिंड. आपल्या अंगात रोगाशी लढायला जे शिपाई तयार होतात, तसा कारखान्यात घडवलेला शिपाई. त्याच्या हातात तुमच्या गालातल्या गाठीचा पत्ता दिलेला असतो. तो रक्तातून हिंडत गाठ शोधतो आणि तिच्यावर जाऊन बसतो. हा शिपाई उंदराच्या पेशींत वाढवतात, म्हणून त्याच्या अंगाला एक साखर चिकटून येते. खायची साखर नव्हे, पेशीवरची. ती उंदरात असते, गाईत असते, बोकडात असते. माणसात नसते."

"मंग माझ्या देहानं ती ओळखली," बसवंतराव म्हणाले. "मी तेच म्हणायलोय."

"ओळखली. पण कशी? गोचीड चावते तेव्हा तिच्या लाळेतून हीच साखर तुमच्या रक्तात जाते. तुमच्या अंगातले पहारेकरी घाबरतात आणि तिचा चेहरा ध्यानात ठेवतात. वर्षानुवर्षं तुम्ही गोचिडी काढताय, पहारा वाढत चाललाय. मग दवाखान्यात एकदम सलाईन भरून तोच चेहरा आत आला. पहाऱ्यानं नाक्यावरच दंगा केला. त्या दंग्यात तुमचा श्वास गेला. औषध गालापर्यंत पोचलंच नाही, काका. गाठीला तर पत्ताच नाही की तिला शोधायला कुणी निघालं होतं."

बसवंतराव गालावरून हात फिरवत राहिले.

"आश्रुबांच्या रक्तात तोच पहारा आहे," सुकेशनी पुढे म्हणाली. "ते बोकड खातात, म्हणून त्यांना बोकडावर कळलं. मटण पचून ती साखर रक्तात यायला काही तास जातात, म्हणून गांधी झोपेत उठतात. तुम्ही खात नाही, म्हणून तुम्हाला कळायला सलाईनच लागलं. दुधात ती साखर फार थोडी, म्हणून बहुतेकांना दुधानं काही होत नाही. खात असता तर दहा वर्षांपूर्वीच कळलं असतं. सगळ्यांना असं होत नाही. गोचीड चावलेल्यांतल्या थोड्यांनाच होतं."

आश्रुबानं हळूच विचारलं, "म्हंजे मालकाचं पुण्य अन् माझी करणी एकच?"

"एकच," सर म्हणाले. "एका घरी हार, दुसऱ्या घरी उतारा. गोचिडीला दोन्हीतलं काही ठाऊक न्हाई."

आश्रुबानं डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. "आन् मी भावजयीशी पाच वर्षं बोललो न्हाई," तो म्हणाला.

बसवंतराव मात्र पडलेल्या चेहऱ्यानं बसले होते. आजार झाल्यापासून लोक दुकानात येऊन दुरूनच बोलायचे. महाराजांनी त्यांना खुर्ची दिली, तेव्हापासून पाया पडायला लागले. डॉक्टरबाईंनी ती खुर्ची एका किड्याच्या नावावर करून टाकली होती.

"मंग मी शुद्ध न्हाई," ते म्हणाले.

"तुमी बिमार हाव," सर म्हणाले. "तीस वर्षं तुमच्या शेजारी बसलो. शुद्ध म्हणून न्हाई बसलो."

"पर विभूतीनं तर उठलो ना मी?"

तेव्हा गौराबाई दारातून पुढे आली. सूप तिनं खाली ठेवलं.

"न्हाई," ती म्हणाली. "नर्सबाईनं मांडीत इंजेक्शन खुपसलं. तुमी डोळे उघडले. मंग मी विभूती लावली. कनवटीची गाठ सुटेना, म्हणून लावायला उशीर झाला. घरी आल्यावर बाया माझ्या पाया पडायला लागल्या. मला वाटलं, पडायलेत तर पडू द्यावं. तुमालाबी बरं वाटायचं. पर आता गाल बघा आरशात. लोक पाया पडतील म्हणून मला भिंतीवर तुमचा फोटो नको."

बसवंतरावांनी तराजूच्या पितळी पारड्यात आपला गाल बघितला. मग सुकेशनीला म्हणाले, "नाक्यावर ओळखू येणार न्हाई असा शिपाई हाय का तुमच्याकडं?"

"आहे. त्याच गाठीचा पत्ता घेऊन जाणारा, पण त्या साखरेशिवाय घडवलेला. मात्र मधले हप्ते वाया गेलेत, काका. गाठ वाढलीय. पूर्ण जाईल असं मी आज सांगणार नाही."

"महाराज सांगायचे."

"म्हणून त्यांना मोटारसायकल लागली," सर म्हणाले.

परभणीच्या दवाखान्यात दुसरं औषध लावलं त्या दिवशी सर पलंगाच्या एका बाजूला आणि गौराबाई दुसऱ्या बाजूला होती. नर्सनं मांडीत द्यायचं ते इंजेक्शन आधीच भरून ट्रेमध्ये ठेवलं होतं. थेंब पडायला लागले. सरांनी बसवंतरावांचं मनगट उघडं धरलं होतं. हयातभर लोकांसमोर काहीतरी घडवून दाखवलेला तो माणूस आता काही घडू नये म्हणून श्वास रोखून बसला होता. कातडीवर केस होते, एक जुना भाजल्याचा डाग होता, उन्हानं काळवंडलेली सुरकुती होती. दहा मिनिटं गेली. वीस गेली. बाटली अर्धी झाली. बसवंतराव घोरायला लागले.

"काहीच होईना की," गौराबाई कुजबुजली.

"हेच व्हायचं होतं, वहिनी."

पावसाळा सरेपर्यंत गाठ निम्म्याहून खाली आली. शेक चालू आहे, औषध चालू आहे, पुढचं डॉक्टर पुढे सांगतील. आश्रुबा आता गुरं धुताना पायाला धोतर घट्ट गुंडाळतो, बोकड सोडून कोंबडीवर भागवतो, आणि भावजयीच्या घरी जेवायला गेला तेव्हा तिनं रागानं मुद्दाम मटणच केलं होतं.

गावानं सरांना त्याच पत्र्याच्या मांडवात बोलायला बोलावलं. सरांना वाटलं, पुन्हा कापूर मागतात की काय. कापूर नेला नाही. ते उभे राहिले आणि थोडक्यात बोलले.

"उपरण्याची लबाडी पकडणं सोपं होतं. शाळेतलं पोरगंबी पकडील. अवघड ते पुढचं. अंगात खरंच काहीतरी झालं होतं, आणि त्याचं कारण आपल्याला ठाऊक नव्हतं. ती मोकळी जागा दिसली की महाराज तिथं आसन टाकतो. एकाच्या घरी पुण्य म्हणतो, दुसऱ्याच्या घरी करणी. कारण ठाऊक नसंल तर ठाऊक न्हाई म्हणा. त्याला लाज न्हाई, मीबी म्हणलो. पण मंग शोधा, विचारा, रक्त तपासा, डॉक्टरला सगळं सांगा. काय खाता, काय चावलं, कवा सूज आली. आपलं अंग देवघर न्हाई आन् उकिरडाबी न्हाई. ज्याला बरं न्हाई त्याला शुद्ध म्हणू नका, अशुद्धबी म्हणू नका. बिमार म्हणा, आणि त्याचा हात धरून दवाखान्यात न्या."